सीनेचे पात्र उंचावते कशाने? पोकलेनआधी मोजपट्टी हवी

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात सीना नदीने सोलापूर जिल्ह्याला जे दाखवले, ते लवकर विसरता येणारे नाही. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली. लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. वडकबाळ-हत्तूर भागात विजयपूरकडे जाणारी वाहतूक थांबली. वर्षातले कित्येक महिने जिच्या पात्रातून चपला न भिजवता पलीकडे जाता येते, त्याच नदीने माणसांना घरांच्या छतांवर चढायला लावले.

पाणी ओसरले आणि गावोगाव एकच मागणी सुरू झाली : नदी उथळ झाली आहे, तिचे खोलीकरण करा. निवेदने गेली, पुढाऱ्यांनी आश्वासने दिली. मागणी रास्तच आहे. ज्याचा ऊस, गोठा आणि घरातले धान्य वाहून गेले, त्याने नदी खोल करा म्हणावे यात काही गैर नाही. परंतु पात्र का उंचावते, ती माती येते कुठून आणि आज काढली तर उद्या पुन्हा भरणार नाही कशावरून, या प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय यंत्रे पात्रात उतरली, तर पैसे खर्च होतील आणि पुढचा पूर तिथेच येईल. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

पात्र उंचावते म्हणजे नेमके काय होते?

नदी फक्त पाणी वाहून नेत नाही, ती मातीही वाहून नेते. शेतातली बारीक माती पाण्यात तरंगत जाते आणि पुराचे पाणी गढूळ दिसते. वाळू आणि खडे तळाशी सरपटत, उड्या मारत पुढे जातात. वरून जेवढी माती येते तेवढीच पुढे गेली, तर पात्र आहे तसे राहते. येणारी जास्त आणि जाणारी कमी झाली, की उरलेली माती तळाशी बसते. हेच वर्षानुवर्षे चालले की तळ वर येतो.

१९५५ मध्ये ई. डब्ल्यू. लेन या अमेरिकी अभियंत्याने हे गणित तराजूच्या रूपात मांडले. एका पारड्यात माती : किती आहे आणि किती जाड आहे. दुसऱ्या पारड्यात पाणी आणि नदीचा उतार. मातीचे पारडे जड झाले की पात्र भरू लागते. पाण्याचे पारडे जड झाले की नदी तळ खरवडू लागते. आपल्याकडे दोन्ही पारड्यांत फेरफार झाले आहेत.

यात वेग महत्त्वाचा. पाण्याचा वेग निम्मा झाला, की माती वाहून नेण्याची त्याची ताकद निम्म्याहून कितीतरी खाली येते. त्यामुळे जिथे पाणी रेंगाळते तिथे माती बसते : बंधाऱ्याच्या मागे, पुलाच्या अरुंद गाळ्यांच्या वरच्या बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाला आणि संगमाच्या तोंडाशी. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. भीमेला मोठे पाणी असले की सीनेचे पाणी मागे तुंबते, संथ होते आणि अंगावरचा भार तिथेच टाकते.

एक मीटर गाळाने किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. समजा, रुंद पात्र पाच मीटर खोल आहे आणि त्यात एक मीटर गाळ बसला. खोली एक पंचमांशाने कमी झाली. पण पात्राची काठोकाठ पाणी वाहून नेण्याची क्षमता मात्र सुमारे ३० टक्क्यांनी घटते, कारण खोली कमी झाली की पाण्याला जागा कमी मिळते आणि वेगही मंदावतो. तेवढाच विसर्ग पूर्वी काठाच्या आत राहायचा, आता तो शेतात शिरतो.

याचा एक परिणाम सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा काढताना पात्राचा आकार गृहीत धरलेला असतो. पात्रच वर आले तर कागदावरची निळी रेषा जागेवर राहते आणि पाणी मात्र ती ओलांडते. घर पूररेषेबाहेर आहे म्हणून निश्चिंत असलेला माणूस फसतो.

अर्थात, २०२५ च्या पुराचे पहिले कारण पाऊस आणि वरून आलेला विसर्ग हेच होते. स्वच्छ, खोल पात्रातही एवढे पाणी मावले असते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण लहान आणि मध्यम पुरांचे पाणी काठात राहणार की वस्तीत येणार, हे पात्राची खोलीच ठरवते. आणि असे पूर अधिक वेळा येतात.

ही माती येते कुठून?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण इथल्या मोहोळचे. रब्बीसाठी काळी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवण्याची इथली जुनी रीत आहे. पाऊस मुरवून घ्यायचा आणि नंतर पेरायचे. त्यामागे शहाणपण आहे, कारण पाऊस बेभरवशाचा. मात्र जून ते सप्टेंबर या काळात उघडी काळी रानेच जोरदार सरींना तोंड देतात. पावसाचा टपोरा थेंब ढेकूळ फोडतो, बारीक चिकणमाती वरच्या भेगा लिंपून टाकते, मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. वाहताना माती घेऊन जाते.

ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. १९३३ मध्ये इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. शेतातून किती पाणी वाहते आणि किती माती जाते, याची देशातील सुरुवातीची शास्त्रीय मोजमापे याच मातीत झाली. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानुसार समपातळी बांध घालण्याची मोठी कामे उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी आलेल्या हजारो हातांनी बांधबंदिस्ती आणि नालाबांधाची कामे केली. म्हणजे माती शेतातच अडवायची हे तंत्र आपण फार आधी शिकलो होतो.

नंतर काय झाले ते कोणत्याही शिवारात दिसते. वाटण्या झाल्या, बांध कोरले गेले. ट्रॅक्टर आणि जेसीबी आले, सपाटीकरणात जुने बांध मोडले. ओढ्याच्या काठचे गवताचे पट्टे नांगराखाली गेले. काही ओढे तर शेतात सामावून घेतले गेले. पाण्याचा सांडवा कुठे काढायचा याचा विचार न करता घातलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि स्वतःची मातीही नदीला देतो.

आता थोडे अंकगणित करू. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर गेला तर ती माती भरते दहा घनमीटर. एका हायवा गाडीत साधारण तेवढी माती बसते असे धरू. म्हणजे हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे एक हायवा. एक हजार चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून, म्हणजे एक लाख हेक्टरमधून, तेवढीच माती निघाली तर एक लाख हायवा. ही सगळी काही पात्रात बसत नाही. बारीक चिकणमाती पुराबरोबर दूर जाते. भीमा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णेवर श्रीशैलम धरण आहे. त्याची साठवण क्षमता मुळात ३०८ टीएमसी धरली होती, आता ती २१५ टीएमसीच्या आसपास मानली जाते. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यांतील शेतांची माती तिथवर पोहोचली आहे. पण एक लाख गाड्यांपैकी दहा हजार गाड्या जरी दरवर्षी पात्रात राहिल्या, तरी दर उन्हाळ्यात तेवढ्या गाड्या भरून बाहेर काढणारी यंत्रणा कोणत्या तालुक्यात आहे?

धरणे आणि बंधारे गाळ अडवत नाहीत का?

अडवतात, आणि प्रश्न तिथेही निर्माण होतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे. पुणे जिल्ह्याकडून येणारा गाळ यशवंतसागरात अडकतो. मग उजनीच्या खाली भीमेचे पात्र स्वच्छ राहायला हवे. पण नीरा, माण आणि सीना या नद्या उजनीच्या खाली भीमेला मिळतात. त्यांचा गाळ येत राहतो आणि तो धुऊन नेणारे भीमेचे नेहमीचे लहान-मध्यम पूर मात्र धरणात अडतात. लेनच्या तराजूत मातीचे पारडे तेवढेच राहिले, पाण्याचे हलके झाले.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रचना मोठ्या विचाराने केलेली आहे. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही मोकळे निघून जातात. पाऊस संपत आला की बर्गे बसवायचे आणि उन्हाळ्यासाठी पाणी धरायचे. हे वेळच्या वेळी झाले तर बंधारा नदीला फारसा जाच करत नाही. पण बर्गे गंजून अडकले, काढायला उशीर झाला, किंवा पिलरच्या मध्ये झाडे-झुडपे आणि ऊस येऊन अडकला, की तोच बंधारा गाळाची तिजोरी होतो. त्यातच पात्रात माजलेल्या वेड्या बाभळी. पुराच्या पाण्याला त्या फांद्यांनी अडवतात, पाणी संथ होते, माती बसते, मातीवर नव्या बाभळी उगवतात. दोन-चार वर्षांत पात्रात बेट तयार होते आणि पाणी समोरच्या काठाकडे वळते. मग समोरच्या शेतकऱ्याची जमीन तुटते.

आणि वाळू? ती तर उपसली जाते ना?

हा प्रश्न नेमका आहे, कारण इथेच गोंधळ होतो. वाळू आणि गाळ एक नाहीत. वाळू हा नदीचा सांगाडा आहे. पंढरपूरच्या वाळवंटावर उभे राहिलेल्या प्रत्येक वारकऱ्याने ती पायांनी अनुभवली आहे. वाळूतून पाणी मुरते, विहिरींना पाझरते, पात्र श्वास घेते. भीमा आणि सीनेतून वाळू बेसुमार गेली आणि राहिलेल्या खड्ड्यांत चिकणमाती भरली. वाळूच्या जागी चिखल आला तर पाणी मुरत नाही, आणि बाभळीला मात्र रुजायला चांगली जागा मिळते. म्हणून एकाच नदीत एका ठिकाणी तळ खरवडून काळा खडक उघडा पडलेला दिसतो आणि दोन किलोमीटरवर पात्र मातीने भरलेले दिसते. ‘नदी उथळ झाली’ हे वाक्य सरसकट खरे नसते. काही ठिकाणी ती उथळ झालेली असते, काही ठिकाणी ओरबाडून खोल झालेली असते.

म्हणूनच सरसकट खोलीकरण धोक्याचे आहे. खोल खड्डा केला की वरच्या बाजूचा तळ त्याच्याकडे ढासळू लागतो. पुलाच्या खांबांजवळ खणले तर खांबांचा आधार जातो. काठाच्या मुळाशी खणले तर काठ कोसळतो आणि शेतच पात्रात येते. शिवाय काढलेला गाळ काठावरच ढिगाऱ्याने टाकला, तर पहिल्या पावसात तो परत खाली जातो. बिल निघालेले असते, गाळ जागेवर असतो.

जगाने यातून काय शिकले?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात १८५३ पासून डोंगर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडले जात. तो सगळा राडारोडा युबा नदीत आला, पात्र कित्येक फूट वर चढले आणि १८७५ मध्ये मेरिसव्हिल हे शहर बुडाले. लोकांनी तटबंद्या उंच केल्या, पात्र त्यांच्याबरोबर चढत राहिले. अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने राडारोडा नदीत सोडण्यास मनाई केली. भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १९१७ च्या अहवालात या गाळाचा हिशेब मांडला. गाळ एखाद्या संथ लाटेसारखा खाली सरकतो, खाणी थांबल्यावरही ती लाट दशकानुदशके पुढे जात राहते, पण पुरवठा थांबला की नदी हळूहळू आपले पात्र आपणच खणू लागते.

चीनमधील पीत नदीची गोष्ट याहून मोठी. मऊ पिवळ्या मातीच्या पठारावरून आलेल्या गाळाने तिचा तळ दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा उंच झाला. लोकांनी शतकानुशतके बांध उंचावले, १८५५ मध्ये नदीने ते फोडून मुखच दुसरीकडे नेले. तिचा गाळ कमी झाला तो अलीकडच्या दशकांत, धरणांबरोबरच पठारावर गवत, झाडी आणि पायऱ्यांची शेती आल्यानंतर.

दोन्हीकडचा धडा एकच आहे. नदी खाली दुरुस्त होत नाही, ती वर दुरुस्त होते.

मग सोलापुरात काय करायचे?

पहिले काम मोजण्याचे. केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे सीनेवर वडकबाळ आणि भीमेवर टाकळी येथे आहेत. तिथल्या जुन्या नोंदींवरून एक साधा तक्ता मांडता येतो : समजा ५० हजार क्युसेक पाणी असताना तीस वर्षांपूर्वी पातळी किती होती, पंधरा वर्षांपूर्वी किती आणि आज किती? तेवढ्याच विसर्गाला पातळी चढत गेली असेल, तर पात्र खरोखर भरते आहे. हा तक्ता जिल्हा प्रशासनाने लोकांसमोर ठेवावा. त्याबरोबर सीनेवर ठरावीक अंतरावर पात्राचे आडवे छेद दरवर्षी मे आणि डिसेंबरमध्ये मोजावेत आणि ग्रामपंचायतीत लावावेत. कुठे भरले, कुठे ओरबाडले हे गावाला कळेल आणि ठेकेदारालाही कळेल की गावाला कळते आहे.

दुसरे, खणायचे ते निवडून. ओढ्यांच्या तोंडाशी, बंधाऱ्यांच्या मागे, पुलांच्या गाळ्यांत आणि बाभळींनी बेट झालेल्या जागी. काढलेली माती पूररेषेच्या बाहेरच न्यायची. तिला गिऱ्हाईक तयार आहे. पुरानंतर राज्य सरकारने खरडून गेलेल्या जमिनींसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. आपत्ती निवारणाच्या निकषांत शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी १८ हजार रुपये आहेत. म्हणजे माती गेली त्याचे पैसे आहेत आणि माती आली त्याचेही पैसे आहेत. एका शेताची गेलेली माती नदीत पडून आहे. ती तपासून परत त्याच शिवारात नेण्याचे नियोजन मात्र हवे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. तलावांसाठी जमलेली ही कल्पना नदीकाठी नियमांत बसवणे अवघड नाही, फक्त गाळाच्या नावाखाली वाळू जाणार नाही याची राखण करावी लागेल.

तिसरे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम शिवारात आहे. रब्बीच्या मोकळ्या रानात पावसाळ्याआधी बंदिस्त वाफे करण्याची शिफारस कोरडवाहू संशोधनाने केव्हाच केली आहे. त्यात पाणी जागेवर थांबते, मुरते, ज्वारीला ओल मिळते आणि माती रानातच राहते. शेतकऱ्याचा यात तोटा नाही, पण मजुरी आणि अवजाराचा खर्च आहे. तो रोजगार हमीतून द्यावा. फुटलेले बांध सांडव्यासह दुरुस्त व्हावेत. ओढ्याच्या दोन्ही काठांना गवताचा पट्टा सोडावा. तो सोडणाऱ्याला चाऱ्यापलीकडेही काही मोबदला मिळायला हवा, कारण त्याच्या त्यागाचा फायदा खालच्या गावाला होतो.

शेतकऱ्याचा यावर एक प्रश्न येईल आणि तो योग्य आहे : पुढचा पावसाळा तोंडावर असताना आम्ही वरच्या शिवारातले गवत वाढायची वाट पाहायची काय? नाही. निवडक ठिकाणी गाळ काढणे, बर्गे वेळेवर काढणे, पुलांचे गाळे मोकळे करणे आणि धरणांच्या विसर्गाची आगाऊ सूचना ही कामे याच उन्हाळ्यातली. पण तेवढ्यावर थांबलो, तर दर उन्हाळ्यात तेच काम आणि दर पावसाळ्यात तीच भीती.

सीनेच्या पात्रात जो गाळ साचला आहे, तो कुणा परक्याने आणून टाकलेला नाही. तो करमाळ्याच्या, जामखेडच्या, परंड्याच्या, माढ्याच्या रानांचा सर्वात कसदार थर आहे. एक इंच माती बनायला शतके लागतात, एका रात्रीत ती जाते. ज्या जिल्ह्याने नव्वद वर्षांपूर्वी ही माती मोजायला सुरुवात केली, त्याने पोकलेनची निविदा काढण्याआधी निदान एकदा मोजपट्टी हातात घ्यावी.